वाटाण्याची चाळण

वाशीच्या दुकानात
मांजराच्या शौचाचा डबा अठराशे रुपयांना.
वर झाकण, झाकणाला झुलतं दार.
आईने काचेबाहेरूनच किंमत वाचली.
म्हणाली, आपल्या मोरीला तरी कुठं दार होतं
रंजनाच्या लग्नापर्यंत.
गोणपाट होतं.

रविवारी तुर्भ्याहून आणले
एका मापाचे दोन निळे टब,
सत्तरला जोडी,
कारण एकाची कड कुणी चावल्यासारखी तुटलेली.
"तीच बाजू पुढं घे.
म्हातारी हाय ती, तिला उंच उंबरा नको."
सुरी तापवून तिने तुटकं सरळ कापलं,
चार बोटं खोल,
आणि धारेवर चिकटवली
माझ्या जुन्या ओढणीची पट्टी.
बाजरी शिलाई मशीनखालून बघत होती,
दुसऱ्या कुणाचं तरी काम चाललंय अशी.

मग वरच्या टबाला भोकं.
मी सळई गॅसवर लाल केली, विचारलं,
केवढी पाडू?

आई लगेच बोलली नाही.
सव्वीस वर्षं दाणाबाजारात
ट्रक रिकामा झाला की त्याच्याखाली वाकून
सांडलेलं झाडलं तिने, पाखडलं, चाळलं,
त्यातच आमच्या वह्या आल्या, रंजनाचं बाळंतपण आलं.
राजगिऱ्याची, मोहरीची, तुरीची,
सगळ्या चाळणी अजून तिच्या बोटांच्या पेरांत आहेत.
तिने तळव्यावर चिमूटभर वाळू पसरली,
अंगठा फिरवला, फुंकर मारली.
"मुगाची नको, अडकंल.
काबुलीची नको, नको ते खाली जाईल.
वाटाण्याची पाड."

एकशे बारा भोकं.
जळक्या प्लास्टिकचा वास जिन्यात गेला
आणि वरच्या सुसम्मा धावत आल्या,
तानूबाई, काय जळतंय?
संडास, आई म्हणाली.
सुसम्मा बराच वेळ दारातच उभ्या.

वाळू समोरच्या साइटवरची, वॉचमनला विचारून,
दोन पाण्यांनी धुतलेली, गच्चीवर वाळवलेली.
तिच्यात घणसोलीच्या प्लायवाल्याचा मूठभर भुसा.
भोकांचा टब आत, बिनभोकांचा बाहेर.
उचलायचा, हलवायचा,
चांगलं खाली गळतं, गोळा वर राहतो.
आईने रिकामाच दोनदा हलवून दाखवला
आणि तिची कंबर आपोआप लयीत गेली,
टब हातात आहे हे विसरून.

"दाण्याचं कसं असतं," ती म्हणाली,
"खडा वर राहिला तर खालचं आपलं.
माती खाली गेली तर वरचं आपलं.
आधी काय ठेवायचं ते ठरवायचं,
मग चाळणीला हात लावायचा."
मला वाटलं हे कुठेतरी लिहून ठेवावं.
तेवढ्यात बाजरी उठली,
टबाला वळसा घालून गेली
आणि दारातल्या पायपुसण्यावर बसली.
तिथेच केलं.

दुसऱ्या दिवशीही तिथेच.
मी चिडले, आई नाही.
तिने त्या पायपुसण्याचा ओला तुकडा कापला
आणि वाळूत मधोमध दाबला,
दुधाला विरजण लावावं तसा.
वर म्हणाली, आता कुणी हलवू नका.

तिसऱ्या रात्री अडीचला जाग आली.
मोरीशेजारी खरर, खरर,
थांबून पुन्हा खरर.
मी श्वास रोखून पडून राहिले.
पलीकडून आई झोपेतच बोलली,
"कोण चाळतंय गं एवढ्या रात्री?"
म्हटलं, बाजरी.
"मग बारीक चाळण घे म्हणावं,"
आणि कूस बदलली.